आधी दम, मग कान, शेवटी स्पिअरगन

सोमवार, रात्री

नवरात्र उलटलं की नाशकात दिवाळीच्या सुट्टीचे बेत शिजायला लागतात. यंदा सोसायटीतल्या दोघांनी बालीत गाईडबरोबर स्पिअरफिशिंगची, म्हणजे पाण्याखाली बुडी मारून भाल्याने मासे मारायची, एक सकाळ ठरवलीय. त्यांची सगळी चौकशी बंदुकीची, म्हणजे रबराच्या ताणावर बाण सोडणाऱ्या स्पिअरगनची: लांबी किती, रबर कसलं, नेम कसा धरायचा. पण त्या सकाळचा निकाल बंदुकीवर लागत नाही. तो दमावर आणि कानावर लागतो, आणि या दोन्हींची तयारी इथे घाटावर बसून बरीचशी होते. म्हणून या टिपणात बंदूक शेवटी.

पाठीवर टाकी नसते, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं बसायला हवं. एका श्वासात खाली जायचं आणि त्याच श्वासात वर यायचं. टाकी लावून भाला मारायला फ्रान्स, इटलीसारख्या देशांत कायद्यानेच मनाई आहे. नवख्याला चांगला गाईड पाच-सहा मीटरच्या पुढे नेत नाही आणि एकेक बुडी अर्ध्या मिनिटाची ठेवतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण तलावात वीस लांब्या मारणारा माणूसही पहिल्या बुडीत पंधराव्या सेकंदाला वर येतो, कारण तो खाली पोहत जातो. हातपाय जेवढे मारावेत तेवढा ऑक्सिजन जळतो. इथे आळशी माणूस जिंकतो.

दमाबद्दल सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "बुडी मारण्याआधी दहा-बारा मोठे श्वास भराभर घे." निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो, भराभर श्वास घेऊन त्यात नावापुरतीच भर पडते. खरा फरक पडतो कार्बन डायऑक्साइडमध्ये, तो धुऊन निघतो. आणि 'आता श्वास घे' अशी हाक शरीर देतं ती ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. म्हणजे भराभर श्वास घेणाऱ्याने आपली धोक्याची घंटाच काढून ठेवलेली असते. तो मजेत असतो आणि मजेतच बेशुद्ध होतो.

बेशुद्धी तळाशी क्वचितच येते, ती येते वर पोचताना. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. फुफ्फुसातल्या हवेत ऑक्सिजन ५ टक्के उरला असला, तरी तिथे तो १० टक्क्यांचं काम करतो आणि माणूस शुद्धीत राहतो. वर येता येता दाब अर्धा होतो, आणि त्या ५ टक्क्यांवर मेंदू चालत नाही. म्हणून शेवटचे काही मीटर आणि डोकं पाण्याबाहेर आल्यानंतरचं अर्धं मिनिट हाच सगळ्यात नाजूक काळ. नेमकं त्याच वेळी जोडीदार मासा बघत असतो.

रीत साधी आहे. पाण्यावर पालथं पडून दोन मिनिटं नेहमीसारखा, पोटातून, सावकाश श्वास. शेवटचा एक पूर्ण भरायचा, स्नॉर्कल तोंडातून काढायची आणि खाली. स्नॉर्कल तोंडात ठेवून बुडी मारली आणि शुद्ध गेली, तर तीच नळी पाणी थेट घशात ओतते. वर आल्यावर पहिला उच्छ्वास जोरात, सगळा सोडायचा नाही. थोडा सोडायचा, झटकन भरायचा, सेकंदभर धरायचा. असं तीन-चार वेळा. पुढची बुडी निदान आधीच्या दुप्पट वेळाने. नवख्याने दोन मिनिटं थांबावं, हिशेबच नको.

घरी सराव करायचा तर पलंगावर पडून. पाण्यात एकट्याने दम धरायचा नाही. छातीभर पाण्यातही नाही, आणि जीवरक्षक काठावर बसलाय म्हणूनही नाही. तळाशी शांत पडलेला माणूस काठावरून सराव करताना दिसतो तसाच बेशुद्ध असतानाही दिसतो.

बुधवार, तलावावरून आल्यावर

त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर आज गर्दी कमी होती, त्यामुळे मास्कचा आणि कानाचा विषय पाण्यातच दाखवता आला.

स्वतःची अशी एकच वस्तू न्यावी, मास्क. बाकी सगळं गाईड देतो. पोहण्याचा गॉगल चालत नाही. त्यात नाक बाहेर राहतं, खाली गेल्यावर आतला दाब भरून काढता येत नाही आणि काच डोळ्यांवर आवळते. अख्खा चेहरा झाकणारा नवा स्नॉर्कल-मास्कही नको, त्यात कान मोकळे करायला नाक चिमटीत धरता येत नाही. आतली जागा कमी असलेला, टेम्पर्ड काचेचा, नाकाला मऊ सिलिकॉनची पिशवी असलेला मास्क हवा. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने किंचित श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर आपला. मिशीवाल्यांची पंचाईत इथे होते: मिशीच्या केसांतून पाणी झिरपत राहतं. नाकाखालची बारीकशी पट्टी कातरावी, नाहीतर व्हॅसलीन लावावं. (मिशीवर कोणी तडजोड करत नाही, व्हॅसलीनच लावतात.) नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढल्याशिवाय धुकं धरणं थांबत नाही. त्यानंतर मात्र थुंकी पुरते.

कानाचं गणित लोकांना उलटं वाटतं. खोल गेल्यावर त्रास होईल असं धरून चालतात, पण दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्याच काही मीटरमध्ये असतो. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना हवेचं आकारमान निम्मं होतं. पुढचे १० मीटर त्या मानाने पुष्कळ सौम्य. म्हणून कान दोन मीटरवरच ठणकतो. पाण्यावर असतानाच एकदा कान मोकळे करायचे आणि मग दर मीटरला, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर नाक धरून जोर लावला तर नाकामागून कानात जाणारी नळी उघडायच्या ऐवजी घट्ट मिटते. तिथे एकच उपाय: वर या.

बहुतेकांना छातीने जोर लावायची सवय असते. विमानात ती चालते, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत नीट चालत नाही. त्यासाठी जिभेची पद्धत शिकावी. नाक चिमटीत धरायचं, वजन उचलताना घसा आवळतो तसा आवळायचा आणि 'क' म्हणायला निघाल्यासारखी जिभेची मागची बाजू वर रेटायची. आरशासमोर बसलं की बरोबर-चूक लगेच कळतं: नाकपुड्या फुगतात, छाती आणि पोट हलत नाही. पोट हललं तर जुनीच पद्धत चालू आहे. दिवसातून पाच मिनिटं, चहा उकळेपर्यंत, असं दोन आठवडे केलं तरी फरक पडतो.

सर्दी असेल तर बुडी नाही. निफाडचा पारा उतरायला लागला की इकडे निम्मं गाव शिंकत असतं आणि नाकात थेंब टाकून विमानात बसतं. थेंबांचा असर पाण्यात असतानाच उतरला तर कानातली हवा वर येताना अडकते, आणि ते दुखणं खाली जातानाच्या दुखण्यापेक्षा वाईट. पडदा फाटला आणि गार पाणी आत गेलं की गरगरतं, वर-खाली कळत नाही. अशा वेळी पाण्यावर तरंगता फ्लोट धरून स्थिर राहायचं, गरगर थोड्या वेळात ओसरते. मग मात्र सरळ डॉक्टर.

सूर मारायची रीत: पालथं तरंगताना कमरेतून काटकोनात वाकायचं, हात तळाकडे, मग पाय सरळ वर. पायांच्या वजनानेच शरीर खाली सरकतं. फिन्स (पायात घालायचे पंख) पूर्ण पाण्याखाली जाईपर्यंत पाय मारायचा नाही. मारला तर फक्त फटफट आवाज होतो आणि मासे पळतात. पुढे पाय मांडीतून हलवायचे. गुडघ्यातून सायकल मारली की दम गेला. तलावावर लांब फिन्स बहुधा घालू देत नाहीत, पण सूर मारायचा सराव त्यांच्याशिवायही होतो.

गुरुवार

वेट बेल्टबद्दल, म्हणजे कमरेच्या वजनाच्या पट्ट्याबद्दल, थोडक्यात. तलावात बेतलेलं वजन समुद्रात उपयोगी नाही. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणजे ८० किलोच्या माणसाला तिथे दोनेक किलो जास्त लागतात. वेटसूट (अंगावरचा रबरी पोशाख) जाड असेल तर आणखी. कसोटी एकच: पाण्यात उभं राहून श्वास सैल सोडल्यावरही डोकं तरंगलं पाहिजे. बुडत असाल तर वजन जास्त झालं. गाईड घाईत एक तुकडा जास्त चढवतो, कारण जड माणूस लवकर खाली जातो. तो काढायला लावायचा. बकल एका हाताने उघडतं का ते होडीवरच बघून घ्यायचं. अडचण आली की सगळ्यात आधी बेल्ट सोडायचा.

गंगापूर धरणात सराव करू का, असं विचारणं झालं. नको. गढूळ पाण्यात दोन हातांवरचा जोडीदार दिसत नाही, आणि ज्याला बघता येत नाही त्याला वाचवता येत नाही. त्यापेक्षा पावसाळा उलटून पाणी निवळलं की तारकर्लीला जाऊन लाटांवर स्नॉर्कलिंग करून यावं. तलावातला मास्क आणि लाटेतला मास्क यांत बराच फरक आहे. भाला मात्र तिकडे न्यायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे.

शनिवार

आता बंदूक. खडकाळ किनाऱ्याजवळ नवख्याला ७५ ते ९० सेंटीमीटरची पुरते. लांब बंदूक मोकळ्या समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी. ती कपारीत वळत नाही आणि रबरही ओढवत नाही. काही गाईड सुरुवातीला नुसता रबर लावलेला लांब भाला देतात. तो नाकारू नये. त्याने जवळ जायची शिस्त लागते.

भरणं फक्त पाण्यात, होडीपासून लांब. दस्ता छातीच्या पॅडवर टेकवायचा, दोन्ही हातांनी रबराच्या दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या आणि रबराची कडी बाणाच्या खाचेत बसवायची. एका बाजूला जास्त ओढलं की कडी तिरपी बसते आणि बाणही तिरपा सुटतो. खाचेत बसल्याचा भास झाला म्हणून हात सोडला तर रबर बोटांवर येतं, म्हणून हातमोजे. सेफ्टीवर विसंबू नये. टोक कधीही माणसाकडे नाही, हीच खरी सेफ्टी. होडीत चढण्याआधी पाण्यातच रबर उतरवायचं. हवेत बाण कधीच सोडायचा नाही, रिकाम्या वाळूवरही नाही.

पाण्याखाली वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते. त्यामुळे पहिला बाण हटकून आखूड पडतो. मासा टप्प्यात आलाय असं वाटलं की आणखी थोडं थांबायचं. पाठलाग करून मासा मिळत नाही. तळाशी खडकाला लागून निश्चल पडायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, मासाच बघायला येतो. तो आडवा झाला की कल्ल्याच्या झाकणामागे, मधल्या रेषेवर. पोटात मारलेला बाण फाटून निघतो आणि मासा जखमी होऊन फुकट जातो. माशाच्या मागे काय आहे ते आधी बघायचं: जोडीदार, प्रवाळ, की नुसता दगड. कोणता मासा हे ओळखू आलं नाही तर बाण सोडायचा नाही.

बाण लागलेला मासा कपारीत घुसला तर? बंदूक सोडून वर यायचं. बंदुकीला १५ ते ३० मीटर दोरी आणि तिच्या टोकाला फ्लोट असतो तो याचसाठी. ती जागा कुठे पळत नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही. 'जरा ओढून बघू' या चार सेकंदांत माणसं गेलीत.

गाईडला फोनवर काय विचारायचं, तर मासा किती मोठा मिळेल हे नव्हे. एका गाईडमागे किती जण? दोनपेक्षा जास्त असतील तर पुढचा शोधा. पाण्यात बंदुका किती? उत्तम उत्तर: दोघांत एक. एक खाली, एक वर, आणि वरचा रिकाम्या हातांनी खालच्याकडे बघतोय. वर आल्यावर अर्धं मिनिट माझ्याकडे कोण बघणार? शुद्ध गेलीच तर काय करता? याचं उत्तर न अडखळता यायला हवं: तोंड पाण्याबाहेर, मास्क काढा, गालांवर फुंकर, थापटा, नावाने हाक मारा, आणि दहाएक सेकंदांत श्वास आला नाही तर तोंडाने श्वास द्या. फ्लोटवर झेंडा असतो का, लाल आणि त्यावर तिरपा पांढरा पट्टा? स्पीडबोटींच्या पाण्यात तो नसेल तर बाकीची उत्तरं ऐकायचीही गरज नाही. वर येणाऱ्याचा व्हिडिओ काढणारा गाईड त्याच्यावर लक्ष ठेवत नसतो, तो इन्स्टाग्राम सांभाळत असतो.

रविवार, दुपारी

नियम देशागणिक वेगळे. मालदीवमध्ये स्पिअरगनने मासेमारीला मनाई आहे, त्यामुळे तिकडच्या सहलीत हा विषयच काढू नये. आपल्याकडे व्हेल शार्क, समुद्रकाकडी, प्रवाळ यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

त्याच सहलीत टाकी लावून स्कूबाही करायचं असेल तर भाल्याची सकाळ आधीच्या दिवशी ठेवावी. स्कूबानंतर त्याच दिवशी दम धरून खोल बुड्या नकोत, आणि अनेक स्कूबा बुड्यांनंतर विमानाआधी निदान १८ तास हवेत.

मासा हातात आल्यावर डोळ्याच्या मागे-वर सुरीचं टोक खुपसून तो लगेच मारायचा, कल्ल्याच्या शिरा कापून रक्त जाऊ द्यायचं आणि मग बर्फ अधिक समुद्राचं पाणी अशा मिश्रणात ठेवायचा. नुसत्या बर्फापेक्षा त्यात तो लवकर गार होतो. हॉटेलवर पोचताच तवा तापवायची घाई नको. ताठरलेल्या माशाचा तुकडा तव्यावर आखडतो आणि रवा सुटून येतो. ताठरपणा उतरेपर्यंत बर्फात राहू द्यावा.

प्रवाळाजवळचे मोठे शिकारी मासे, बाराकुडा, थोराड गोब्रा, हे फोटोपुरते बरे. त्यांच्यात सिग्वाटेरा नावाचं विष साचलेलं असू शकतं, आणि ते शिजवून जात नाही, बर्फात जात नाही, चिंच-लिंबानेही जात नाही. लहान मासा घ्यावा, स्थानिक लोक कोणता खात नाहीत ते विचारावं. टूना, सुरमई, बांगडा या कुळातला मासा उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. तेही तळून जात नाही. घास घेतल्यावर जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली, तोंड लाल झालं, डोकं धरलं, तर ताट बाजूला सारायचं आणि डॉक्टरांना कोणता मासा खाल्ला ते सांगायचं.