माशी वारली

गेल्या मंगळवारी सकाळी बाल्कनीत एक मधमाशी निपचित पडलेली दिसली. मी तिला केराच्या सुपलीत घेतच होते, तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून तिथल्या आजोबांनी वाकून पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘उम्रला ये.’ वारली.

स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियानाला येऊन आम्हाला जेमतेम पाच महिने झालेत, त्यामुळे माझं स्लोव्हेनियन भाजी आणण्यापुरतंच आहे. पण हे क्रियापद मला ठाऊक होतं, कारण वर्गात ते माणसांसाठी शिकवलं होतं. कुत्रं, मांजर, गाय यांच्यासाठी ‘पोगिनिती’ असं वेगळं क्रियापद आहे. मी आजोबांना विचारलं, तुम्ही चुकून तसं म्हणालात का? ते जरा दुखावलेच. मधमाशीला ‘पोगिनिती’ म्हणत नाहीत. माणूस आणि मधमाशी, दोघांना एकच शब्द.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. हा भेद आपणही जपतो. माणूस वारतो, देवाघरी जातो, जनावर मरतं. वाईला आमचा बैल दगावला तेव्हा अण्णा ‘बैल गेला’ म्हणाले होते, ‘मेला’ म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. म्हणजे ही माया आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. पण माशीसाठी? माशी आपण हाकलतो, नाहीतर मारतो.

लेक चार वर्षांची आहे. इथे बालवाडीचे प्रवेश वसंतात होतात आणि वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. आम्ही जानेवारीत आलो, मधेच जागा मिळाली नाही, म्हणून तोवर शाळा घरीच. पुण्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘एबीसीडी लिहिते का गं?’ नाही लिहीत. ती पिठात, मातीत, रंगात हात घालते आणि प्रश्न विचारते. या वयात मला तेच हवंय.

त्या माशीला आम्ही तुळशीच्या कुंडीत पुरलं आणि आठवडाभर दुसरा विषयच घेतला नाही. कागदाची दोन फुलं केली. एकात हळद घातली, दुसऱ्यात कुंकू. लेकीच्या बोटाला कापूस बांधला आणि म्हटलं, तू माशी, जा रस प्यायला. चार फेऱ्यांनंतर कुंकवात हळद दिसू लागली आणि हळदीत कुंकू. ‘मी तर फक्त रस प्यायला गेले होते!’ ती ओरडली. परागीभवन हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता. कागदाच्या सात नळ्या रबरात घट्ट आवळल्या तर मधली आपोआप षटकोनी झाली, ते पाहून मीच चकित झाले.

पण तिच्या मनात खरं बसलं ते चमच्याचं गणित. कामकरी माशी उन्हाळ्यात जेमतेम सहा आठवडे जगते आणि तिच्या उभ्या आयुष्यातला मध म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग. आम्ही ताटात राजम्याचे बारा दाणे मांडले: एवढ्या माशा, एक चमचा. आता पोळीवर मध घेताना ती आधी दाणे मोजते आणि बशी बोटानं निपटून काढते.

शेजारच्या आजोबांना हे सांगितलं, तर त्यांचा ऊर भरून आला. मग अंतोन यान्शाची गोष्ट झाली. या मातीतला हा मधपाळ 1770 साली व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या दरबारानं नेमलेला मधुमक्षिकापालनाचा शिक्षक. 20 मे 1734 हा त्याच्या बाप्तिस्म्याचा दिवस. म्हणून स्लोव्हेनियाच्या प्रस्तावावर 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 20 मे हा जागतिक मधमाशी दिन ठरवला. शेवटी नेहमीचं वाक्य: आमच्या करड्या माशीइतकी शांत माशी जगात नाही.

हे मात्र मला राहवेना. आमच्याकडची सातेरी मधमाशीही शांत असते, पेटीत गुण्यागोविंदानं नांदते, मी म्हटलं. आणि गांधीलमाशी चालून आली तर सातेऱ्या तिच्याभोवती गोळा होऊन, अंग थरथरवून, नुसत्या उष्णतेनं तिला मारतात. महाबळेश्वरजवळचं मांघर हे 16 मे 2022 रोजी देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, हेही सांगितलं. आजोबांनी तारीख परत विचारली. ‘आमच्या दिवसाच्या चार दिवस आधी,’ ते म्हणाले आणि हसले.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलंय आणि रात्री औषध फवारून ते काढणार आहेत. लेक शेजारीच होती. ‘आजी, सगळ्या वारतील?’ आई गप्प झाली.

मी लेकीला समजावलं की आग्या म्हणजे सातेरी नव्हे. तो चिडला तर अख्खा थवा मागे लागतो, जीवही जातो, आणि खाली मुलं खेळतात. इथे पेटीतल्या गरीब माशीवर माया करणं सोपं आहे. चौथ्या मजल्यावर आग्या लटकत असताना इथल्यांनीही काय केलं असतं, कोण जाणे. हे सगळं मला अजूनही पटतं. तरीही रात्री दादाला फोन केला. मोहोळ न मारता उतरवणारी माणसं पुण्यात आहेत, त्यांचा नंबर शोध म्हटलं.

सोसायटीची मीटिंग रविवारी आहे. तोवर फवारणी थांबवायला सेक्रेटरी तयार झालेत.