ईस्टर्न शोअरची ट्रिप: ड्रिगस कुटुंब, कोर्टाच्या वह्या आणि एक घोडी

व्हर्जिनिया म्हटलं की आपली मंडळी शेनंडोआ नाहीतर लुरेच्या गुहा करून येतात, चेसापीक बे आणि अटलांटिकच्या मधे जो चिंचोळा पट्टा आहे, ईस्टर्न शोअर, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. आम्ही गेलो ते ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीमुळे. तिच्या घरात कायम बोललं जातं की आपली एक शाखा यादवी युद्धाच्या कितीतरी आधीपासून स्वतंत्र होती, आणि तिला त्या शाखेचा माग काढायचा होता. मला जुन्या कागदांचा नाद, म्हणून गाडी मीच काढली.

नॉरफोकहून येणार असाल तर चेसापीक बे ब्रिज-टनेल लागतो, टोल चांगलाच कापतात पण मधेच रस्ता समुद्राखाली जातो ते मस्त वाटतं. पलीकडे रूट १३ धरला की ईस्टव्हिल. गाव एवढंसं, पण इथल्या नॉर्थॅम्प्टन कौंटीच्या कोर्टाचं रेकॉर्ड १६३२ पासून सलग आहे, अख्ख्या अमेरिकेत इतकं जुनं अखंड रेकॉर्ड दुसरं नाही. जुनं कोर्ट, क्लार्कचं ऑफिस आणि कर्जबुडव्यांचा तुरुंग, सगळं एकाच आवारात. जाण्याआधी फोन करा, शनिवार-रविवार धरून जाऊ नका, आणि मूळ वही हातात मिळेलच असं समजू नका, बरंचसं काम मायक्रोफिल्मवरच होतं.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत नाव-गाव सांगितलं की पिढ्या उलगडतात, इथे तसलं काही नाही. आडनाव धरून शोधायला गेलात तर आधी स्पेलिंगच दमवतं, ड्रिगसच घ्या, सतराव्या शतकातल्या इथल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाचं आडनाव, मूळ पोर्तुगीज रॉड्रिग्ज, आणि कारकुनाने त्या दिवशी जे ऐकलं ते लिहिलं. त्यापेक्षा गुरंढोरं शोधा, खरंच सांगते. गाय, वासरू, घोडी कोणी कोणाला दिली हे ही माणसं कोर्टात जाऊन नोंदवून ठेवायची, कारण काळ्या माणसाकडे जनावर दिसलं की चोरीचं म्हणायला कोणीही मोकळा, तेव्हा कागद हवाच.

इमॅन्युएल ड्रिगसचंच बघा. १६४५ च्या नोंदीत तो आणि त्याची बायको फ्रान्सिस हे कॅप्टन फ्रान्सिस पॉट नावाच्या मळेवाल्याकडे आहेत, सोबत दोन लहान मुली, एलिझाबेथ तीन वर्षांची आणि जेन एक वर्षाची, आणि त्यांच्या बांधिलकीचे, म्हणजे ठरावीक वर्षं राबण्याचे, करार. १६५२ मधे ड्रिगसने जेनला पैसे भरून सोडवलं. त्याच वर्षी पॉट लिहून देतो की ड्रिगस आणि बॅशॉ फर्नांडो यांच्याकडची जनावरं त्यांनी रीतसर मिळवलेली आहेत. आणि काही वर्षांनी हाच पॉट ड्रिगसची दुसरी मुलगी ॲन विकून टाकतो. जनावरांवर बापाचा हक्क मान्य आणि मुलीवर नाही, ही दोन पानं पाठोपाठ वाचल्यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही. पुढे ड्रिगस स्वतंत्र झाला, आणि १६७३ मधे त्याने फ्रान्सिस आणि जेन या दोन मुलींना घोडी दिल्याची नोंद आहे. आईचं नाव फ्रान्सिस, मुलीचंही फ्रान्सिस, तेव्हा वय आणि साल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, बापामागे धावू नका, आई धरा. १६६२ च्या कायद्याने मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरायला लागलं. ड्रिगसचा मुलगा थॉमस गुलामच राहिला पण त्याची बायको सारा किंग स्वतंत्र, म्हणून मुलं स्वतंत्र. आईची ओळ तुटली की शोध तिथेच बसतो.

कौंटीच्या हद्दीही बघा. याच किनाऱ्यावरचा कृष्णवर्णीय अँथनी जॉन्सन, १६२१ मधे आलेला, नंतर स्वतंत्र. वसाहतीत आणलेल्या माणसामागे ५० एकर या हेडराईट पद्धतीने १६५१ मधे त्याने पाच माणसांवर २५० एकर मिळवली, पंगोटीग क्रीकवर. ती जागा आज ॲकोमॅक कौंटीत आहे, पण ती कौंटी वेगळी निघाली १६६३ मधे, म्हणून आधीचे कोर्टाचे कागद ईस्टव्हिललाच. जमिनीचं पेटंट, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, मात्र रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात, ते नेटवरही दिसतं. ह्याच जॉन्सनने जॉन कॅसर नावाच्या काळ्या माणसावर आयुष्यभराचा हक्क सांगितला आणि १६५५ मधे कोर्टाने तो मान्य केला, म्हणजे पूर्वज शोधताना फक्त अभिमानाचंच सापडेल असं मनात धरून जाऊ नका.

तारखांची एक भानगड आहे. तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जॉन्सनच्या घराला आग लागल्यावर त्याच्या बायको-मुलींना करमाफी मिळाली तो २८ फेब्रुवारी १६५२ आपल्या हिशेबाने १६५३ चा. हे १७५२ पर्यंत असंच.

जॉन्सन मंडळी पुढे मेरीलँडच्या सॉमरसेट कौंटीत गेली. तो १६७० मधे वारला आणि त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या ज्यूरीने ठरवलं की तो निग्रो, म्हणजे परकी, सबब जमीन जप्त होऊ शकते. नातू जॉनने १६७७ मधे मेरीलँडात ४४ एकर घेतली, नाव ठेवलं अंगोला. हा धागा धरायचा तर ईस्टव्हिलहून दीडेक तासावर सॅलिसबरी युनिव्हर्सिटीतलं नॅब रिसर्च सेंटर गाठा, डेल्मार्व्हाच्या, म्हणजे डेलावेअर-मेरीलँड-व्हर्जिनियाच्या या द्वीपकल्पाच्या, जुन्या कागदांसाठी उत्तम जागा.

निघण्याआधी घरी बसून पॉल हाइनेग यांनी कौंटीच्या कागदांवरून जमवलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांच्या नोंदी वाचा, नेटवर फुकट आहेत, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर पानांचे फोटोही मिळतात. आमच्या मैत्रिणीसारखं अलीकडून मागे जायचं असेल तर १७९३ नंतरची स्वतंत्र काळ्यांची रजिस्टरं बघा, त्यात उंची, रंग, अंगावरचे व्रण सगळं लिहिलेलं असतं. तिला तिथेच एक आशादायक नाव मिळालंय, पण आई कोण ते अजून जुळत नाहीये.

राहायला केप चार्ल्स बरं. व्हेज खाणारे असाल तर डबा सोबत घ्या आणि उन्हाळ्यात गेलात तर डासांचं मलम विसरू नका.