भुवईवरची खूण

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि हात आपसूक डाव्या भुवईकडे गेला. तिथे अर्ध्या इंचाची खूण आहे. आठवी ब, सरांचा तास. (सर म्हटलं की आपल्या शाळेत एकच. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.)

मैदानामागे विहीर खणत होते. सुरुंग उडाला की आमचं लक्षही उडायचं. दोन दिवस सरांनी आरडाओरडा केला, तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग घेऊन ढिगाऱ्यावरच गेले. दोन दगड निवडले. एक काळाभोर, घट्ट पाषाण. दुसरा भोकाभोकांचा, विहीरवाले त्याला मांजऱ्या म्हणायचे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांची ही भोकं. "आधी कोणता फुटेल?" सगळे ओरडलो, "भोकांचा!"

सरांनी घण घातला. पाषाण एका घावात दुभंगला आणि त्याची कपची माझ्या भुवईवर. मांजऱ्याला नुसता खळगा पडला, त्यात भुगा.

सायकलच्या दांडीवर बसवून डॉक्टरांकडे नेताना सर धापा टाकत सांगत होते. सावकाश दाबत गेलास तर भोकांच्या काठाशी ताण साठतो, मांजऱ्याच आधी जातो. पण अचानक घाव बसला की वरच्या भोकांच्या भिंती चिरडण्यातच त्याचा जोर खर्ची पडतो. त्यातून चीर निघालीच तर पुढच्या भोकात शिरते, टोक बोथट होतं, तिथेच थांबते. घट्ट दगडात तिला अडवायला कुणी नाही. रुमाल रक्ताने भिजला होता, पण मी ऐकत होतो. घरी आईला म्हणाले, "चूक माझी. पोरांना लांब उभं करायला हवं होतं."

आज मी बोगद्यांत सुरुंगांची आखणी करतो. भोकांचा थर लागला की स्फोटाचा जोर पोकळ्यांत विरतो, धोंडे मोठाले निघतात. हाताखालची मुलं वैतागतात, मी भुवई चोळतो.

विहीर बुजवून तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत म्हणे. असो.

१९९७ साली नासाच्या यानाने माथिल्ड या लघुग्रहाचे फोटो धाडले. आत निम्मा पोकळ असावा इतका हलका, अंगावर वीस-तीस किलोमीटरचे खड्डे, तरी अखंड! मी लगेच सरांना पत्र टाकलं: मांजऱ्याचा भाऊ आकाशात सापडला, त्रिज्या ५३ किलोमीटर. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. लाल शाईत एकच ओळ, "त्रिज्या की व्यास? पुन्हा पाहा."

व्यास होता.