१९९१ ऐकताना: वहीतल्या नोंदी

रविवार, रात्री

हा आठवडा फक्त १९९१ चा. सुरुवात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलपासून, कारण त्या वर्षीची सगळ्यात मोठी सरमिसळ तिथेच झाली. तिथल्या मॅसिव्ह अटॅक या गटाचा 'ब्लू लाइन्स' हा अल्बम ८ एप्रिलला आला. ही मंडळी मूळची 'वाइल्ड बंच' नावाच्या साऊंड सिस्टीममधली. साऊंड सिस्टीम म्हणजे भलेमोठे स्पीकर, दोन टर्नटेबल, रेकॉर्डींच्या पेट्या आणि माइकवर बोलणारा माणूस. एकाच रात्रीत रेगे, सोल, पंक आणि हिपहॉप वाजायचं. त्यामुळे या अल्बममध्ये प्रकारांची सरमिसळ मुद्दाम केल्यासारखी वाटत नाही. त्यांच्या पेट्यांमध्ये ती आधीपासूनच होती. जमैकाचा होरेस अँडी, सोल गाणारी शारा नेल्सन आणि पुटपुटत बोलणारा ट्रिकी एकाच छताखाली सहज नांदतात.

पहिलंच गाणं 'सेफ फ्रॉम हार्म'. त्याचा बास आणि ड्रम बिली कॉबमच्या १९७३ च्या 'स्ट्रेटस'मधून उचललेला आहे. कॉबम हा गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा मूळ ड्रमर. 'अनफिनिश्ड सिम्पथी'मध्ये मागे येणारी 'हे हे हे' ही हाक महाविष्णूच्याच १९७६ च्या 'इनर वर्ल्ड्स'मधली. त्याच वर्षी मॅक्लॉक्लिनच्या 'शक्ती' या दुसऱ्या गटाचा पहिला अल्बम निघाला आणि त्यावर तबल्याला होते आपल्या माहीमचे झाकीर हुसेन. ब्रिस्टलच्या त्या हाकेपासून माहीमपर्यंतचा धागा इतका आखूड आहे.

सोमवार

'अनफिनिश्ड सिम्पथी'मधली तारवाद्यं पुन्हा पुन्हा ऐकली. आधी ही ओळ सिंथेसायझरवर होती. मग गाडी विकून पैसे उभे केले आणि विल मलोनने लिहिलेली रचना लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत खऱ्या वादकवृंदाकडून वाजवून घेतली. पैसा अगदी योग्य जागी गेला. खाली लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा ठेक्याचा तुकडा) घड्याळासारखा काटेकोर फिरतो आणि वर माणसांचे गज श्वास घेतल्यासारखे थोडे मागेपुढे होतात. गाण्याचा सगळा ताण या दोहोंमधल्या फरकात आहे.

जुना तुकडा आणि खरे वादक असे एकत्र आणताना हमखास फसणारी गोष्ट म्हणजे सूर. वादकवृंद ४४० हर्ट्झच्या 'ए'ला लावलेला असतो. जुन्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा, म्हणजे सॅम्पल, मात्र टेपच्या किंवा टर्नटेबलच्या वेगामुळे २०-३० सेंट इकडेतिकडे असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). तेवढ्यानेही तारा बेसूर वाटतात आणि दोष वादकांवर येतो. म्हणून आधी सॅम्पल सेंटच्या हिशेबाने सुरात आणायचं आणि मगच वादकांना बोलवायचं.

हे गाणं फेब्रुवारीत आलं तेव्हा आखाती युद्ध चालू होतं. 'अटॅक' हा शब्द ब्रिटिश रेडिओवर चालणार नाही म्हणून त्या रेकॉर्डवर नाव नुसतंच 'मॅसिव्ह' छापलं.

मंगळवार

आज यंत्रं. त्या काळच्या आवाजाचं निम्मं श्रेय यंत्रांच्या तोकडेपणाला आहे, असं माझं ठाम मत आहे.

ई-म्यूचं एसपी-१२०० हे सॅम्पलर घ्या, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र. १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ, एकूण साठवण १० सेकंद आणि एका आवाजाला जास्तीत जास्त २.५ सेकंद. आता ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) लयीत चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो. म्हणजे एक अख्खा बारसुद्धा मावत नाही! त्यावर तोडगा असा: ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर वाजवायची. वेग १.३५ पट होतो, तोच बार १.९८ सेकंदांत बसतो. मग यंत्रातच सूर साधारण पाच अर्धस्वर खाली आणायचा. साठवण वाचते, पण आवाजाची वरची धार जाते आणि एक खरखरीत कण उरतो. हाच कण पुढे लोकांना इतका आवडला की आज स्वच्छ सॉफ्टवेअरमध्ये तो मुद्दाम आणावा लागतो. तो हवा असेल तर नुसता १२ बिटचा इफेक्ट लावून भागत नाही. वेगाने घेऊन खाली ओढणं ही पायरी गाळली की आवाज फक्त घाणेरडा होतो, जाड होत नाही.

अकाईचा एस-१००० हा सॅम्पलर त्या मानाने श्रीमंत: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. तरी मूळ २ मेगाबाइटमध्ये मोनो २४ सेकंदांच्या आतच. लय आणि सूर एकमेकांना बांधलेले असल्यामुळे ११० चा ठेका ९० वर आणला की सूर साधारण साडेतीन अर्धस्वर उतरतो. हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या मिळून साडेतीन पट्ट्या धरा. सूर न हलवता लय ताणायची सोय होती, पण त्यात ड्रमचा आवाज पत्र्यासारखा यायचा. ब्रिस्टलचा तो जड, सुस्त ठेका मुख्यतः या उतरलेल्या सुरातून येतो. नुसता मंद वाजवलेला ड्रम तसा लागत नाही.

बुधवार

'लव्हलेस'. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा अल्बम, नोव्हेंबर १९९१. दोन वर्षांहून जास्त काळ आणि एकोणीस स्टुडिओ. ऐकणाऱ्याला वाटतं की शेकडो गिटारी एकावर एक रचल्या असतील. तसं नाही. गिटारचे थर मोजकेच आहेत. बँडचा गिटारवादक केविन शील्ड्स, त्याची युक्ती उजव्या हातात आहे. फेंडर जॅझमास्टर किंवा जॅग्वार या गिटारीची ट्रेमोलो दांडी (तारांचा सूर वरखाली करणारी) मुठीत धरून त्याच हाताने पूर्ण कॉर्ड छेडायची. प्रत्येक फटक्यासोबत दांडी किंचित दबते आणि अख्खी कॉर्ड सुराच्या आसपास डुलते. वर उलटा रिव्हर्ब, म्हणजे शेपटी आधी वाढत जाणारा घुमारा.

कोरस पेडल (सूर आपोआप डोलवणारा इफेक्ट) लावून हे येत नाही. पेडलचं डोलणं ठरावीक मापाचं असतं आणि कान ते दोन मिनिटांत ओळखतो. हाताचं डोलणं दरबारीतल्या आंदोलित कोमल गंधारासारखं असतं, दर वेळी थोडं वेगळं.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी: जॅझमास्टरवर ९ च्या बारीक तारा लावू नका. ब्रिजवर ताराचा कोन उथळ असतो, जोरात छेडलं की तार खाचेतून निसटते. ११ किंवा १२ चा संच घ्या. दांडी सोडल्यावर सूर जागेवर येत नसेल तर दोष बहुतेक वेळा नटच्या (गिटारीच्या मानेच्या टोकाची पट्टी) खाचेत असतो, तिथे पेन्सिलचं ग्रॅफाइट घासा. दाब अर्ध्या स्वराच्याही आत ठेवा. पूर्ण स्वर दाबलात की सर्फ संगीत सुरू होतं.

गुरुवार

२४ सप्टेंबरला निर्वाणा या रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिपहॉप गटाचा 'द लो एंड थिअरी', दोन्ही आले. दुसऱ्यावर जॅझमधला रॉन कार्टर स्वतः डबल बास वाजवतो, सॅम्पल नव्हे. पहिल्याबद्दल इतकं लिहून झालंय की फक्त एकच नोंद: त्याची अमेरिकेतली पहिली छपाई ४६,२५१ प्रतींची होती आणि ११ जानेवारी १९९२ ला तो पहिल्या क्रमांकावर होता.

यामागे एक रुक्ष कारणही आहे. २५ मे १९९१ पासून 'बिलबोर्ड' या अमेरिकन मासिकाची अल्बमची यादी साऊंडस्कॅनच्या आकड्यांवर बनू लागली. दुकानात बारकोड वाचला की विक्री मोजली जायची. त्याआधी दुकानदार सांगतील ते धरायचे आणि त्यांच्या सांगण्यात रॅप, कंट्री आणि कर्कश गिटारी मागे पडायच्या. यंत्र आवड बघत नाही. जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट पहिल्या क्रमांकावर पोचला.

शनिवार

वर्ष संपता संपता दार बंद झालं. १७ डिसेंबर, न्यूयॉर्कचं संघीय न्यायालय. गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या १९७२ च्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला. न्यायमूर्ती डफी यांनी निकालपत्राची सुरुवात 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली. अल्बम दुकानांतून काढावा लागला.

तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला दोन परवानग्या: चाल-शब्दांसाठी प्रकाशकाची आणि मूळ ध्वनिमुद्रणासाठी कंपनीची. तीच चाल नव्याने वाजवून घेतली तर दुसरी परवानगी टळते. पाच तुकड्यांचं गाणं म्हणजे दहा वाटाघाटी, त्यातली एक अडली की गाणं अडलं. डझनभर रेकॉर्डींचे कपटे जोडून गाणं शिवण्याची कला याच हिशेबात आटली. मला ही फार मोठी हानी वाटते.

'ब्लू लाइन्स'चं काम ब्रिस्टलच्या कोच हाऊस स्टुडिओत चालू असताना तिथे टेप लावणारा पोरगा होता जेफ बॅरो. पुढे त्याच्या पोर्टिसहेड या गटाने १९९४ च्या 'डमी'साठी स्वतःच वाजवलेले तुकडे व्हाइनलवर कापून घेतले, ते झिजवले आणि टर्नटेबलवर ठेवून त्यातूनच सॅम्पल उचललं. उद्या तो अल्बम.