आरोग्याच्या निविदा आणि एआय: लिहायला कमी, तपासायला जास्त

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची निविदा निघाली की हल्ली बरेच जण ती पीडीएफ चॅटजीपीटी नाहीतर जेमिनीत टाकतात आणि सांगतात, ‘प्रस्ताव लिहून दे.’ दोन मिनिटांत वीस पानं तयार होतात, भाषाही गुळगुळीत. पण सफाई, मनुष्यबळ, धुलाई, रुग्णांचा आहार अशी बहुतेक कामं दोन लिफाफ्यांत ठरतात. तांत्रिक लिफाफ्यात कागद पुरे आहेत की नाहीत एवढंच बघतात, आणि आर्थिक लिफाफ्यात सगळ्यात कमी दर. गोड भाषेला तिथं शून्य गुण. म्हणून एआयला लेखक न करता कागद तपासणारा खडूस कारकून करा, त्यातच त्याचा खरा फायदा आहे.

सुरुवात फाइलपासून. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवरून निविदा सूचना, अटी-शर्ती, सगळी परिशिष्टं आणि आजवरची सगळी शुद्धिपत्रकं (नंतर काढलेले बदल) उतरवून घ्या. मग पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. ओळ जशीच्या तशी उमटली तर ठीक. उलटसुलट चिन्हं आली तर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा मजकूर आहे. काहीच आलं नाही तर ते स्कॅन आहे. या दोन्ही फाइलींवर एआय अंदाज बांधतं आणि अंदाज बांधलाय हे सांगत नाही. अशा वेळी पानांची ३०० डीपीआयची, म्हणजे बारीक अक्षरंही स्पष्ट दिसतील अशी, चित्रं करून पाच-पाच पानं वाचायला द्या, आणि रक्कम, तारीख, टक्के स्वतः मूळ कागदाशी ताडून बघा. पुसट शिक्क्याखालचा १ आणि ९ हमखास बदलतो.

त्यानंतरची सूचना साधारण अशी द्यावी: ‘या निविदेतली पात्रतेची प्रत्येक अट तक्त्यात मांड. रकाने असे: अट क्रमांक, पान क्रमांक, मूळ वाक्य जसंच्या तसं, लागणारा कागद, तो कोण देतं, नसल्यास बोली बाद होते का. दस्तऐवजात जे नाही तिथं “आढळलं नाही” असं लिही, स्वतःहून भरू नकोस.’ पान क्रमांक आणि मूळ वाक्य हे दोन रकाने सोडू नका, तपासायला तेच लागतात. आणि हो, शुद्धिपत्रकं तारखेच्या क्रमानं द्या आणि नंतरची अट आधीची रद्द करते हे स्पष्ट सांगा, नाहीतर जुनी उलाढालीची अट तक्त्यात तशीच राहते.

याच तक्त्यावरून दुसरं काम: विसंगती. पान ८ वर तीन वर्षांचा अनुभव आणि परिशिष्टात पाच, असं सर्रास असतं. एआय हे चांगलं पकडतं. त्यातून बोलीपूर्व बैठकीसाठी सात-आठ नेमके प्रश्न निघतात. ते लेखी आणि मुदतीत द्या. तोंडी उत्तराला पुढं कोणी विचारत नाही.

सूक्ष्म उद्योगांना इसारा रकमेतून (बोलीसोबत भरायच्या अनामतीतून) मिळणारी सवलत एआय छातीठोकपणे सांगतं. पण ती ज्यातून येते तो २०१२ चा खरेदी धोरण आदेश केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना लागू आहे. राज्याच्या निविदेत सवलत कोणाला, हे त्या निविदेच्या अटीतच बघायचं. नुसत्या उद्यम नोंदणीवर (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीवर) विसंबून इसारा न भरणं म्हणजे पहिल्याच फेरीत घरी.

शासन निर्णयांचंही तेच. एआय निर्णयाचा क्रमांक मनानं रचतं. राज्याच्या निर्णयावर अठरा आकडी संकेतांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. आठ आकडे तारखेशी जुळले नाहीत तर क्रमांकावर संशय घ्या. जुळले तरी संकेतस्थळावरून मूळ प्रत उतरवल्याशिवाय प्रस्तावात घालू नका. सीएच्या दाखल्यावरचा यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाही आकडे-अक्षरं मिळून अठरा चिन्हांचाच. एआयनं ‘नमुन्यादाखल’ भरलेला क्रमांक चुकून तसाच राहिला तर ते खोटं कागदपत्र ठरतं, इसारा जप्त होतो आणि संस्था काळ्या यादीत जाण्याची वेळ येते.

खरं घोडं पेंड खातं ते दरात. मनुष्यबळाचा दर एआयला काढायला सांगितला की ते चोवीस तासांच्या एका जागेला तीन माणसं धरतं. आठवड्याच्या पाळ्या एकवीस, एक माणूस साप्ताहिक सुट्टी सोडून सहा करतो, म्हणजे लागतात साडेतीन. समजा ग्रामीण रुग्णालयात अशा चार जागा आहेत. बाराऐवजी चौदा माणसं लागतील. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये धरले, तर भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा शुल्कासह १३ टक्के म्हणजे १,९५०, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) ३.२५ टक्के म्हणजे ४८७.५०, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,२४९.५०. माणशी झाले १८,६८७. राहून गेलेल्या दोन माणसांचे वर्षाला ४,४८,४८८ रुपये खिशातून जातात. रजेवरची बदली माणसं, गणवेश, साहित्य यात धरलेलंच नाही. तेव्हा बेरीज एक्सेलमध्ये सूत्रानं करा, किमान वेतनाचा चालू दर कामगार विभागाच्या अधिसूचनेतून घ्या, जीएसटी सीएला विचारा. एआयला फक्त एवढंच विचारा: ‘या खर्चात काय सुटलंय?’

काही निविदांत कार्यपद्धतीला गुण असतात. फिरत्या वैद्यकीय पथकाच्या किंवा जैववैद्यकीय कचऱ्याच्या कामात ते दिसतं. तिथं लिहावंच लागतं, आणि एआयचा मजकूर तिथंच उघडा पडतो. ‘दुर्गम आदिवासी भागात दर्जेदार सेवा’ हे वाक्य प्रत्येकाच्या प्रस्तावात असतं. मूल्यमापन समितीला हवं असतं दुसरंच. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो, मग तुमची गाडी काय करणार? जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार शरीराचे अवयव, रक्तानं माखलेला कापूस-बँडेज असा प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ठेवावाच लागला तर रुग्णालयानं खबरदारी घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारण कळवायचं असतं. एआय मात्र शहरातल्या रुग्णालयासारखी ‘रोज सकाळी ९ वाजता उचल’ लिहून मोकळं होतं. मेळघाटात समुपदेशन कोणत्या भाषेत, तर कोरकूत. गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया. पथकात ती बोलणारी माणसं किती, ते आकड्यात लिहा. गावांची यादी, आठवडी बाजाराचे वार, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, गाडी बिघडली तर पर्यायी गाडी कुठून: हा कच्चा माल आधी तुम्ही द्यायचा, मग एआयनं तो ओळीत मांडायचा. अंतर नकाशावर न मोजता ड्रायव्हरला विचारा.

रुग्णांच्या याद्या, कर्मचाऱ्यांचे आधार, डिजिटल सहीचा पिन आणि तुमचा अंतिम दर यातलं काहीही एआयला द्यायचं नाही. नावं झाकून नमुना दिला तरी काम भागतं.

शेवटी उलट तपासणी. नवीन चॅट उघडून अटींचा तक्ता आणि तयार कागदांची अनुक्रमणिका द्या आणि सांगा, ‘तू मूल्यमापन समिती आहेस, ही बोली बाद करायची कारणं शोध.’ जुन्याच चॅटमध्ये विचारलंत तर ते स्वतःच्याच कामाची पाठ थोपटत बसतं. मुदत संपलेला दाखला, सही नसलेलं परिशिष्ट, चुकीच्या आर्थिक वर्षाचा ताळेबंद असल्या गोष्टी इथं सापडतात.

बीओक्यूची, म्हणजे दर भरायच्या तक्त्याची, फाइल मात्र एआयकडे फिरकू देऊ नका. पोर्टलवरून उतरवलेली तीच फाइल, नाव न बदलता, एक्सेलमध्येच भरून चढवायची. गूगल शीट्समध्ये उघडून साठवली की पोर्टल ती नाकारतं. अपलोड आदल्या दिवशी करा. तालुक्याच्या गावात शेवटच्या तासाला लाईट आणि रेंज दोन्ही एकदम जातात.

बोली बाद झालीच तर तांत्रिक मूल्यमापनाचा सारांश पोर्टलवर येतो. त्यात इतर बोलीदारांची बाद होण्याची कारणंही असतात. तो उतरवून ठेवा आणि पुढच्या वेळी अटींच्या तक्त्यासोबत एआयला वाचायला द्या.