पाच घरांचे रिव्हॉल्व्हर

पोलीस दलात आरमोरर, म्हणजे हत्यारांची तपासणी आणि देखभाल करणारा, म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांत शेकडो तपासणी अहवाल लिहिले आणि विसरलो. २०२४ च्या जून महिन्यात नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात लिहिलेला पाऊण पानाचा एक अहवाल मात्र सेवानिवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते आणि त्याने एका निरपराध बाईंची चौकशी टळली, तरीही तो पुन्हा लिहायचा झाला तर तसाच लिहीन की नाही, हे मला सांगता येत नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. त्या वर्षी लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ठाणे मतदारसंघात २० मे रोजी मतदान झाले. मधल्या काळात जमा झालेली हत्यारे मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात राहिली. निकालानंतर ती परत करायची वेळ आली, तेव्हा गंज, ओल आणि सुरक्षितता पाहण्यासाठी मला मुख्यालयातून तिथे पाठवण्यात आले. या कामात कोणाला दिसत नाही ते एवढेच, की आरमोररचा अर्धा वेळ हत्यारांवर नव्हे, तर त्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या वाचण्यात जातो.

एकोणसाठ हत्यारे होती. नवी मुंबई म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात, पण १९७० मध्ये सिडको स्थापन होण्यापूर्वी इथे भातशेती आणि मिठागरे होती आणि पारसिकच्या डोंगरातून डुकरे शेतात उतरत असत. त्या काळातल्या शेतीरक्षणाच्या परवान्यांवरच्या बंदुका गावठाणातल्या काही घरांत अजून सांभाळलेल्या आहेत. त्यामुळे एकाच कपाटात बांधकाम व्यावसायिकाचे कोरे पिस्तूल, एका रखवालदाराची बाराबोअर आणि कोणाच्या तरी पणजोबांची ठासणीची बंदूक शेजारी शेजारी उभी होती.

रजिस्टर उघडले आणि मला पहिला राग तिथेच आला. 'राउंड' असा एकच रकाना होता. हत्यारात किती राउंड बसतात आणि मालकाने प्रत्यक्षात किती जमा केले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परंतु लिहिणाऱ्याने कुठे पहिली लिहिली होती, कुठे दुसरी. डबल बॅरलपुढे '२' लिहिले होते आणि पाकिटात काडतुसे निघाली अकरा. एका पिस्तुलापुढे मॅगझीनची क्षमता होती, दुसऱ्यापुढे पाकिटातली संख्या. ठासणीच्या बंदुकीपुढे 'निरंक' लिहिले होते, कारण तिला काडतूस नसतेच. ती बंदूक मी हातात घेतली, गज नळीत बुडापर्यंत सोडला, तोंडाशी नखाने खूण केली, गज बाहेर काढून, खूण तोंडाशी धरून नळीला बाहेरून लावून पाहिला आणि गजाचे टोक बुडापासून चार बोटे अलीकडेच थांबले. त्या चार बोटांत दारू, चिंधी आणि छर्रे होते. कोणत्या साली कोणी ठासले होते, हे तिच्या मालकालाही ठाऊक नव्हते. कानावर दारू पेटवणारी टोपी चढवलेली नव्हती, एवढेच नशीब. रजिस्टरात 'निरंक' असलेली ती बंदूक तीन महिने भरलेल्या अवस्थेत कपाटात उभी होती.

'ह्यात किती गोळ्या बसतात?' हा प्रश्न आरमोररला जन्मभर ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. उत्तर मात्र 'कोणत्या हत्यारात, कोणत्या मॅगझीनमध्ये आणि कोणी भरले' यावर अवलंबून असते. मी नोकरीला लागलो तेव्हा दलाचा मुख्य आधार असलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलमध्ये दहा राउंड बसत, ते पाच-पाचच्या चार्जर क्लिपने भरायचे. त्या काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेपुढे आली नाही, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि दहाची रायफल दोनवर अडून बसते. तिच्याच सांगाड्यावर बनवलेली पोलिसांची चारशे दहा मस्केट एका वेळी एकच राउंड घेई. एस.एल.आर. रायफलीचे मॅगझीन वीसचे, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून जुने उस्ताद त्यात अठराच भरायला लावत. इन्सास रायफलीचे वीस, तिच्याच जातीच्या एल.एम.जी. या हलक्या मशीनगनचे तीस, ए.के. रायफलीचे तीस, जुन्या नाइन एम.एम. कार्बाइनचे चौतीस, नाइन एम.एम. पिस्तुलाचे तेरा, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, आधीच एक असेल तर चौदा. या शेवटच्या एकाने माझ्या माहितीत जितके अपघात केले, तितके बाकी कशानेच केले नाहीत, कारण मॅगझीन काढले म्हणजे हत्यार खाली झाले, अशी समजूत चांगल्या चांगल्या अधिकाऱ्यांच्याही हाडीमाशी खिळलेली असते.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र सगळ्यांना उत्तर पाठ असते: सहा. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरला गोळ्यांची सहा घरे असतात, जुन्या लष्करी वेब्ली रिव्हॉल्व्हरला सहा असत, आणि वर्तमानपत्रांनी व पडद्याने हा आकडा इतका पक्का केला आहे की सातवी गोळी झाडणाऱ्या नायकावर हसणारा माणूसही पाच घरांचे रिव्हॉल्व्हर असते हे मानायला तयार नसतो. वास्तविक घरे किती, हे सिलिंडरचा घेर आणि काडतुसाची जाडी यांवर ठरते. खिशात मावेल असे लहान अंगाचे हत्यार करायचे झाले, तर कारागीर एक घर कमी करतो आणि सिलिंडर बारीक ठेवतो.

असे एक हत्यार त्या कपाटात होते. जुने, अमेरिकन बनावटीचे, निकेलचा मुलामा जागोजागी उडालेला, एका वयस्कर गृहस्थांकडे वडिलांकडून वारशाने आलेले. रजिस्टरात लिहिले होते: '.३२ रिव्हॉल्व्हर १, राउंड ६.' पाकिटात निघाले पाच. पाकिटावर लाखेची मोहोर नव्हती, कारण लाख संपली होती आणि त्या आठवड्यात स्टेपलरवर भागवले गेले होते.

बाहेरच्या माणसाला एका काडतुसाची किंमत कळणार नाही. पोलीस ठाण्यातून एक जिवंत काडतूस कमी झाले, तर ते ज्याच्या ताब्यात होते त्याची प्राथमिक चौकशी लागते, आणि त्यातून काही निघाले नाही तरी पुढची दोन वर्षे त्याच्या नावामागे ती चिकटून राहते. ताबा ज्यांच्याकडे होता त्या महिला हवालदारांची नोकरी चोवीस वर्षांची होती, आणि मी पोचलो तोपर्यंत त्यांनी कपाटे भिंतीपासून ओढली होती, उंदरांनी कुरतडलेल्या गठ्ठ्यांतला कागद न् कागद झटकला होता आणि सगळी पाकिटे तिसऱ्यांदा मोजायला घेतली होती. मला म्हणाल्या, "आरमोरर साहेब, नोंद माझ्या हातची नाही. त्या दिवशी मी कोर्टात होते. पण किल्ली माझ्याकडे आहे ना."

नोंद केली होती बंदोबस्तातून एका दुपारपुरत्या उसन्या घेतलेल्या पोरसवदा शिपायाने. त्याला फोन लावला. त्याने जे उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते, "रिव्हॉल्व्हर होतं ना साहेब, म्हणजे सहाच असणार." मोजले होते का, असे विचारल्यावर तो गप्प झाला. मालकांना विचारले, तर ते म्हणाले, "पावतीवर सहा लिहिलंय. मग सहा असतील. नाहीतर पाच." त्या दुपारी त्याच अक्षरात आणखी दोन रिव्हॉल्व्हरांच्या नोंदी होत्या, दोन्हींपुढे सहा होते आणि दोन्हींच्या पाकिटांत सहाच निघाले.

मी ते जुने रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मधून दुमडून उघडले, उजेडाकडे धरले आणि घरे मोजली. पाच. मला एकदम सगळे जुळल्यासारखे वाटले. शिपायाने हत्याराच्या जातीवरून आकडा लिहिला होता, आणि मालकाने हत्यारात मावतील तेवढेच, म्हणजे पाच, आणले होते. काडतुसांची बुडे पाहिली. त्यांवर खडकीच्या कारखान्याची 'के एफ' ही खूण होती आणि बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचे माप, .३२ होता. मी समाधानाने अहवाल लिहायला बसलो. 'सदर रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरची क्षमता पाच राउंड असल्याने, नोंदीतील सहा हा आकडा प्रत्यक्ष मोजणीवरून नसून गैरसमजातून लिहिला गेला असावा.' वरिष्ठ निरीक्षकांनी तो वाचला, शिपायाचा जबाब त्याला जोडला, दुरुस्तीची नोंद घेतली आणि कागद बंद केला. हवालदार बाईंनी माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतःचा कप तसाच थंड होऊ दिला.

चार दिवसांनी हत्यारे परत करताना मी पुन्हा तिथे होतो. ते गृहस्थ पावसात भिजत आले होते. मी रिव्हॉल्व्हर त्यांच्या हाती दिले, पाच काडतुसे टेबलावर मोजून ठेवली आणि केवळ बोलायचे म्हणून म्हणालो, "काका, भरून ठेवत जाऊ नका घरात." ते हसले. म्हणाले, "भरणार कसं साहेब? ह्या गोळ्या ह्यात जातच नाहीत. दुकानदारानं बत्तीसच्या म्हणून दिल्या. वडिलांच्या वेळच्या वेगळ्या होत्या, आखूड."

.३२ हा बोअर झाला, काडतूस नव्हे. रिव्हॉल्व्हरचे .३२ आखूडही असते आणि लांबही, दोघांची जाडी एकच. आखूड काडतूस अखंड मोजले तर चोवीस मिलिमीटरांच्या आत बसते, लांब बत्तिसाच्या पुढे जाते. आखूड काडतूस लांबाच्या घरात बसते, लांब आखूडाच्या घरात बसत नाही. पिस्तुलाचे .३२ तर तिसरेच. परवान्यावर मात्र नुसते '.३२' लिहिलेले असते, आणि ज्याने परवाना लिहिला, ज्याने काडतुसे विकली आणि ज्याने ती जमा करून घेतली, त्यांच्यापैकी कोणालाही त्याहून अधिक काही विचारावेसे वाटले नव्हते. चौथा मी. बंद खोलीत जिवंत राउंड चेंबरमध्ये घालून पाहायचा नाही, हा आमचा पहिला नियम आणि तो मी पाळला होता, पण सिलिंडरच्या शेजारी काडतूस उभे करून पाहायला कोणता नियम आडवा येत होता? मी बुडे वाचली आणि लांबी पाहिली नाही. आता टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली, तर गोळीचे नाक सिलिंडरच्या पुढे दिसत होते.

म्हणजे ती काडतुसे त्या हत्यारात कधी गेलीच नव्हती. मग हत्यारात पाच मावतात म्हणून पाचच आणली असतील, या माझ्या म्हणण्याला आधार काय उरला? ती आली होती कापडाच्या एका जुन्या चंचीतून, आणि चंचीला घरे नसतात. त्यात पाच असतील, सहा असतील. परवान्याच्या मागच्या पानावर खरेदीची नोंद दहाची होती, आणि नूतनीकरणाच्या वेळी चार वापरल्याचे त्यांनी लिहून दिले होते. दहातून चार गेली की सहा उरतात. पण जी काडतुसे हत्यारात बसतच नाहीत, ती चार वापरली कशी? मी त्यांना तसे विचारले. ते थोडा वेळ पावसाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "झाली ती कुठं तरी. फार वर्षं झाली." सहाच्या बाजूने असलेला एकमेव कागदही मग पाचच्या बाजूच्या माझ्या अहवालाइतकाच पोकळ निघाला.

मी वरिष्ठ निरीक्षकांना जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, एवढे मी म्हणेन. मग म्हणाले, "शिपायानं मोजलं नाही, हे त्यानं स्वतः कबूल केलंय. तुमच्या अहवालात चूक काय आहे?" मी म्हणालो, "घरं पाच आहेत हे खरं, राउंड पाच आहेत हेही खरं, पण एकावरून दुसरं निघत नाही." ते म्हणाले, "ते कोर्टात विचारतील तेव्हा बघू. बाईंच्या निवृत्तीला किती वर्षं राहिलीत माहीत आहे ना तुम्हाला?" मला माहीत होते. मी पुरवणी अहवाल लिहिला नाही. परवान्याच्या पाठीवर 'आखूड काडतूस, लांब बसत नाही' असा शेरा मात्र मारून घ्यावा म्हणून परवाना शाखेला एक पत्र पाठवले. त्याचे उत्तर मी निवृत्त होईपर्यंत आले नव्हते.

शिपायाने खरोखरच सवयीने सहा लिहिले असावेत, असे मला आजही वाटते, आणि शंभरात नव्वद वेळा तसेच घडले असेल. परंतु माझ्या अहवालातले 'असल्याने' मी तपासून लिहिले नव्हते. सहावे काडतूस नव्हतेच, की होते आणि स्टेपलरच्या पाकिटातून एखाद्या फटीत घरंगळले, हे सांगणारा कागद त्या ठाण्यात नाही.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यारे पुन्हा जमा होऊ लागली. रजिस्टरात या वेळी दोन रकाने आखलेले होते, 'क्षमता' आणि 'जमा राउंड'. हवालदार बाईंनी ते स्वतः पट्टीने आखले होते. तेच गृहस्थ आले, तीच चंची काढली आणि टेबलावर पालथी केली. बाईंनी काडतुसे एकेक करून बाजूला घेतली, पुन्हा उलट्या बाजूने मोजली, चंची हातात घेऊन आतून बाहेर केली, शिवणीत बोट फिरवले, आणि मग अंकात व अक्षरात लिहिले: ५, पाच.