नऊ पेनीचं पत्र

गेलं दीड वर्ष मी कादंबरी लिहितेय असं सगळ्यांना सांगत सुटलेय, पण खरं लिहिणं त्यातलं चारेक महिन्यांचं असेल, बाकी सगळा वेळ नायिकेच्या जमाखर्चात गेला. रीजन्सी रोमान्स आहे. म्हणजे इंग्लंड, १८११ ते १८२०, तिसऱ्या जॉर्ज राजाचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून पोरगा रीजंट होऊन कारभार बघतोय, बाकी बॉल (म्हणजे नाचाच्या मेजवान्या), बग्ग्या, हातमोजे, आणि शेवटी लग्न. हा प्रकार मी पोत्याने वाचलाय. त्यातही "आयुष्यात पोळलेल्या बाईला पुन्हा प्रेम सापडतं" टाइपच्या तर मिळतील तेवढ्या, आणि त्याच वाचून वाचून शेवटी चिडून मीच एक लिहायला घेतली.

चिडायचं कारण असं की यातल्या बहुतेक ठिकाणी हालअपेष्टा पहिल्या प्रकरणात दोन पॅरेग्राफमध्ये उरकतात. नवरा जुगारी होता, मेला, कर्ज ठेवून गेला, ती आता एकटी, डोळे उदास. तिसऱ्या प्रकरणात ड्यूक येतो, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा उमराव. (ड्यूक! अहो त्या काळात राजघराण्याबाहेरचे ड्यूक सगळे मिळून पंचवीस-तीस असतील, त्यातले निम्मे म्हातारे, आणि या कादंबऱ्यांत दर गल्लीत एक तरुण, देखणा, रागीट ड्यूक फिरतोय.) ड्यूक कर्ज फेडतो, तिला नवे कपडे शिवतो, आणि चिमूटभर रडून झालं की मागचं सगळं पुसलं जातं. मग ते होतं तरी कशाला? फक्त तिचे डोळे उदास दिसावेत म्हणून?

आणि गंमत म्हणजे माझा पहिला ड्राफ्ट डिट्टो असाच होता. ड्यूक नव्हता, पण श्रीमंत होता, आणि सातव्या प्रकरणात त्याने सावकारासमोर पैशांची थैली आपटली होती, मला तो सीन फार भारी वाटत होता. एका मैत्रिणीला वाचायला दिला, तिने एवढंच विचारलं, "हिला तो आवडतो की हिला त्याची गरज आहे?" मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी वही काढली आणि नायिकेचा हिशोब मांडायला बसले.

तर हिशोब असा. ती ३१ वर्षांची, नवरा जाऊन तीन वर्षं झालीत, सहा वर्षांचा मुलगा, बाथ नावाच्या शहरात चढावरच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने. बाथ का, तर तोवर बाथची फॅशन ओसरली होती, राजपुत्राच्या नादाने नटवी मंडळी समुद्रकाठच्या ब्रायटनकडे वळली होती, बाथमध्ये उरले होते निवृत्त अधिकारी, संधिवातवाले आणि पडत्या काळातली बरी घराणी. म्हणजे माझी बाई तिथे खपून जाते. सासरच्यांनी वर्षाला ५० पौंड बांधून दिलेत. एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगचे १२ पेनी, म्हणजे दिवसाला पडले साधारण ३३ पेनी. त्यात भाडं, कोळसा, मेणबत्त्या (मेणाच्या नाहीत, चरबीच्या, ज्यांना वास येतो), चहा, पोराचे बूट, आणि एक पोरगी कामाला, कारण ती पोरगीही नसेल तर चारचौघांत बसायची सोय राहत नाही. रिवाजाने दुखवटा वर्षभराचा, पुढे राखाडी-लव्हेंडरचा अर्धा दुखवटा, तोही कधीच संपलाय, पण ती अजून काळ्यातच आहे. लोकांना वाटतं केवढं प्रेम होतं नवऱ्यावर. खरं कारण एवढंच की तिने तेव्हा आपले बरे बरे कपडे काळे रंगवून घेतले होते आणि काळा रंग काही परत निघत नाही.

हे लिहिलं आणि मला पहिल्यांदा ती बाई दिसली.

मग मी कायद्यात शिरले आणि तिथून महिनाभर बाहेर आले नाही. मला आधी वाटायचं विधवा म्हणजे बिचारी, लग्न झालं की सुटली. उलट आहे हो! त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला कायद्याच्या लेखी वेगळं अस्तित्वच नव्हतं, याला कव्हर्चर म्हणायचे, तिची रोकड, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं, तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हातात, तिला स्वतःच्या नावावर करार करता येत नाही, मृत्युपत्रसुद्धा त्याच्या संमतीशिवाय नाही. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. घटस्फोट हवा तर १८५७ पर्यंत पार्लमेंटात स्वतंत्र कायदा पास करून घ्यायचा, एका जोडप्यासाठी एक कायदा, आणि त्या अख्ख्या काळात तो बायकांना किती जणींना मिळाला? चार. पहिली १८०१ मध्ये. त्यामुळे नवरा वाईट निघाला तर बाईला खऱ्या अर्थाने मोकळं करणारी एकच गोष्ट होती आणि ती म्हणजे त्याचं मरण. विधवा झाली की तीच बाई पुन्हा कायद्याला दिसायला लागते, सही करू शकते, भाडेकरार करू शकते, पाच पौंड का होईना, तिचे म्हणजे तिचे.

आता या बाईला कोणी येऊन म्हणतो लग्न कर. तिने एका सहीत सगळं घालवून बघितलंय. ती का हो म्हणेल?

बरं, माझ्या केसमध्ये अजून दोन पाचर मारलेत. एक, ते ५० पौंड "विधवा आहे तोवर" असे लिहिलेले आहेत, दुसरं लग्न केलं की बंद, आणि मृत्युपत्रात अशी अट घालणं तेव्हा सर्रास चालायचं. दोन, मुलगा. बापाला मृत्युपत्रातून मुलाचा पालक नेमता यायचा, १६६० पासूनचा कायदा होता तो, आणि त्यासाठी आईला विचारायचीही गरज नाही, तर माझ्या नायिकेच्या नवऱ्याने जाता जाता आपल्या थोरल्या भावाला पालक करून ठेवलंय. म्हणजे जेठाच्या मनात आलं की पोरगं उचलून नेता येतं. अजून नेलेलं नाही, का, तर सध्या त्याला कटकट नकोय. ती दुसऱ्या घरी गेली तर? (आणि तुम्ही म्हणाल मग जेठाशीच लाव, तो प्रकार बऱ्याच कादंबऱ्यांत असतो, पण मेलेल्या भावाच्या बायकोशी लग्न चर्चच्या नियमात बसत नव्हतं, कोणी तक्रार केली तर लग्न रद्द व्हायचं.)

म्हणजे आता प्रेम झालं तरी "हो" म्हणायची किंमत आकड्यात लिहिता यायला लागली. ५० पौंड आणि एक मुलगा. त्यानंतर मला थैली आपटणारा नायक बघवेना, काढूनच टाकला.

नवा नायक आहे सैन्यातला कॅप्टन, नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गेलेला, १८ जून १८१५. हे मी हवेतून आणलेलं नाही, तिथला इंग्रज सेनापती वेलिंग्टन, त्याचा सेक्रेटरी लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट, पुढे लॉर्ड रॅग्लन म्हणून प्रसिद्ध झाला तो, त्याचा उजवा हात त्याच दिवशी कापावा लागला होता. असं सांगतात की सर्जनने हात बाजूला टाकल्यावर याने हाक मारली की अरे तो हात परत आणा, बोटात बायकोने दिलेली अंगठी आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नंतर तो डाव्या हाताने लिहायला शिकला. माझा कॅप्टन इतका मोठा माणूस नाही, लढाई संपली, पलटणी कमी केल्या, हा अर्ध्या पगारावर घरी, पण डाव्या हाताने लिहायला तोही शिकतोय आणि अक्षर अजून भलंमोठं येतं, लहान मुलाच्या पाटीवरल्यासारखं. ही अक्षराची गोष्ट लक्षात ठेवा.

काळ १८१६ चा घेतलाय, ज्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पार तिकडे इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याची राख आणि वायू आभाळात पसरून युरोपात थंडी, पाऊस, पिकं गेली. इंग्लंडात तेव्हा कोणाला हे कारण माहीत नव्हतं, लोक नुसते आभाळाकडे बघत होते. वरून १८१५ चा धान्याचा कायदा, देशातला गहू क्वार्टरला (हे धान्याचं माप) ८० शिलिंगपर्यंत चढल्याशिवाय बाहेरचा गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, म्हणजे पाव महागच राहणार. मे महिन्यात लिटलपोर्ट आणि ईली या गावांत दंगे झाले. आणि या असल्या वर्षात माझ्या पोत्याने वाचलेल्या कादंबऱ्यांत लोक बागेत स्ट्रॉबेऱ्या खातायत! माझी नायिका जुलैमध्ये शेकोटी पेटवायची की नाही यावर विचार करत बसते. तिथेच कॅप्टन पहिल्यांदा येतो, घरमालकाचा पुतण्या म्हणून, आणि अंगावरचा कोट काढत नाही. तिने कोळसा घालू नये म्हणून. तो हे बोलत नाही, तिला कळतं. मला स्वतःला हा सीन थैलीपेक्षा शंभर पटीने आवडतो.

मधली प्रकरणं सांगत बसत नाही, चालणं, पाऊस, पोराला पतंग. एक मात्र सांगते, मागणी घालायच्या आधी तो वकिलाकडे जाऊन येतो. कारण कव्हर्चरमधूनही एक पळवाट होती, लग्नाआधी सेटलमेंट करायचं, पैसे ट्रस्टींच्या ताब्यात फक्त बायकोच्या वापरासाठी ठेवायचे, चान्सरी नावाचं कोर्ट ते मानायचं आणि नवऱ्याला हात लावता यायचा नाही. श्रीमंत बाप मुलींसाठी हे करायचे. हा आपल्या हजारभर पौंडांसाठी करतो, स्वतःच स्वतःला बाहेर ठेवणारा कागद. जेठाचं काय करायचं ते त्यालाही कळत नाही, आणि तसं तो सांगतो. "बघतो मी" म्हणत नाही. या एका वाक्यासाठी मी त्याच्या प्रेमात आहे.

आणि आता ते पत्र, ज्याच्यावर मी सहा आठवडे अडकलेय.

तेव्हा टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे. १८४० ला पेनी पोस्ट आलं तोवर हेच. अंतरावर दर आणि कागदावर दर, लंडन ते बाथ शंभर मैलांच्या थोडं पुढे, म्हणजे एका कागदाचे ९ पेनी, दोन कागद असतील तर १८. पाकीट वापरलं तर तोही एक कागद धरायचे, म्हणून कागदच दुमडून लाखेने बंद करायचे. काटकसर करणारे लोक एक पान लिहून झालं की ते आडवं फिरवून त्याच ओळींवरून काटकोनात पुन्हा लिहायचे. म्हणजे विचार करा, प्रेमपत्र आलंय, पोस्टमन दारात उभा, आणि ते उघडायचं का हे आधी पर्स बघून ठरवायचं. दोन कागदी पत्र म्हणजे तिचा अर्ध्या दिवसाहून जास्त खर्च. पाठवणाऱ्याला आधी पैसे भरता यायचे, नाही असं नाही, पण त्यात समोरच्याची ऐपत काढल्यासारखं व्हायचं, आणि हा माणूस तर तिच्यासमोर कोटसुद्धा काढत नव्हता.

तर कॅप्टन पेन्शनच्या कामाला लंडनला गेलाय आणि त्याला मनातलं लिहायचंय. एकच कागद. अक्षर भलंमोठं. आडवं फिरवून लिहावं तर त्याचं काही वाचताच येणार नाही. म्हणजे त्याच्याकडे जागा आहे पाच ओळींची.

(पत्राने क्लायमॅक्स करायची आयडिया माझी नाही हे मला माहितीये. जेन ऑस्टिनच्या पर्स्युएशनमध्ये आहेच, आठ वर्षांपूर्वी मोडलेलं जमतं ते पत्रानेच, नायिका २७ ची, पुस्तक आलं डिसेंबर १८१७ मध्ये आणि बाई त्याच वर्षी जुलैत गेल्या होत्या, ४१ व्या वर्षी. पण तिथला कॅप्टन त्याच खोलीत बसून लिहितो आणि तिच्यासमोर ठेवून जातो. पोस्टेज शून्य! माझी बाई ९ पेनी मोजते.)

पाच ओळी मी चाळीसएक वेळा लिहिल्या असतील आणि अडलं कुठे तर "तू" वर. इंग्रजीत तेव्हाही सगळे यू, जवळीक दाखवायची तर आडनाव सोडून नावाने हाक मारायची, आणि कित्येक बायका लग्नानंतरही नवऱ्याला मिस्टर अमुक म्हणायच्या. मराठीत मात्र मला प्रत्येक क्रियापदाला ठरवावं लागतं, येता की येतेस. आत्तापर्यंत दोघं एकमेकांना तुम्ही म्हणतायत, छान चाललंय. पत्रात त्याने "तू" केलं तर? गोड वाटतं, पहिल्यांदा मी तेच केलं होतं. पण मग तो तू म्हणणार आणि ती तुम्ही म्हणत राहणार, आणि हे तर वकिलाकडे न जाता झालेलं कव्हर्चरच की. आणि तुम्हीच ठेवलं तर पाच ओळी घरमालकाच्या नोटिशीसारख्या वाटतात.

शेवटी परवा रात्री त्या पाच ओळी लिहिल्या त्यात तू नाही आणि तुम्हीही नाही. पाऊस थांबत नाही, पेन्शनचं अजून काही नाही, चान्सरीतल्या माणसाने कागद बरोबर म्हणून सांगितलंय, पतंगाला नवी शेपूट घेतली, परत यायची वाट कोणी बघत असेल का हे विचारायला जागा उरली नाही. संपलं पत्र.

ती ९ पेनी देते. रात्री चरबीच्या मेणबत्तीत उत्तर लिहायला बसते. आता पैसे त्याने द्यायचेत, त्यामुळे बाईसाहेबांनी चांगले तीन कागद भरलेत, २७ पेनीचे. आणि पहिल्याच ओळीत तिनेच त्याला "तू" म्हटलंय.